बैलाच्या मस्तकामागे बादली असते

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतांत मेटल डिटेक्टरने सापडणाऱ्या छोट्या रोमन कांस्य-मुखवट्यांबद्दल एक मजकूर मराठीत वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बैल, सिंह किंवा माणसाचं तोंड असलेले हे तुकडे म्हणजे रोमन लोकांनी गळ्यात घातलेले देवांचे टाक आहेत; चिंच-मिठाने घासले की त्यांचं खरं रूप दिसतं; भांड्याचा तुटका भाग निघाला तर त्याला किंमत नाही; आणि सोनं-चांदी नसल्यामुळे कायदा आड येत नाही. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि दुसऱ्यामुळे तर वस्तूचा कायमचा नाश होतो.

"हे गळ्यातले टाक आहेत"

गळ्यात घालायच्या वस्तू रोमन काळात होत्याच. पण या मजकुरासोबत ज्या प्रकारचे तुकडे दाखवले जातात, ते भांड्यांचे कान, मुठी आणि पाय आहेत. ते ओळखायचे तर तुकडा उलटा करून आधी पाठ पाहायची.

टाकाची पाठ सपाट असली तरी चालतं. भांड्यावर बसणाऱ्या तुकड्याची पाठ मात्र भांड्याच्या गोलाईला जुळावी लागते, म्हणून ती आत वळलेली असते. तिच्यावर अनेकदा करडा-पांढुरका थर चिकटलेला दिसतो. तो शिसं आणि कथलाच्या डाखाचा, म्हणजे धातू जोडायच्या सोल्डरचा असतो. काही ठिकाणी डाखाऐवजी रिव्हेटचं भोक किंवा लोखंडी खिळ्याचा गंज असतो.

पाठीच्या वळणावरून भांड्याचा आकारही काढता येतो. आतल्या वळणावर पट्टी आडवी टेकवा. पट्टी ज्या दोन टोकांना टेकते त्यांतलं अंतर मोजा, मग मधली खोली मोजा. अंतराचा वर्ग भागिले आठपट खोली, अधिक खोलीचं अर्ध, ही त्रिज्या. अंतर ४० मिमी आणि खोली २ मिमी असेल तर त्रिज्या १०१ मिमी, म्हणजे साधारण २० सेंमी व्यासाचं भांडं. खोली ५ मिमी निघाली तर व्यास साडेआठ सेंमी. तुकडा नांगराच्या फाळाने वाकला असेल तर हा हिशेब फसतो, म्हणून कडेला ताजी चीर किंवा पीळ आहे का ते आधी पाहा.

आता बैलाचं मस्तक. ते बहुधा बादलीचा कान असतं. या बादल्या लाकडी फळ्यांच्या असत, भोवती कांस्यपत्र्याचे पट्टे, आणि समोरासमोर दोन कान. मस्तकाच्या वर किंवा मागे जी कडी असते तिच्यात बादलीच्या मुठीचं आकडेबाज टोक अडकायचं. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, त्यावर बादलीचं वजन वेगळं. ते वर्षानुवर्षं उचललं गेलं की धातूवर धातू घासून कडीच्या आतल्या वरच्या कडेला खोल खाच पडते. अशी खाच दिसली की गळ्यातल्या दोऱ्याची कल्पना सोडून द्यावी.

माणसाचा चेहरा असेल तर तो केसांत साप असलेली मेड्युसा, मद्यदेव बॅकस किंवा त्याचा म्हातारा सोबती सायलेनस असण्याची शक्यता असते, आणि जागा म्हणजे सुरईच्या मुठीचं खालचं टोक, जिथे मूठ पोटाला टेकते. मुठीचं वरचं टोक दोन बाहूंसारखं पसरून सुरईच्या काठाला धरतं. मेंढ्याचं मस्तक खोबणीदार नळीच्या टोकाला असेल तर ती पातेरा नावाच्या उथळ पात्राची मूठ. अशी पात्रं सुरईच्या जोडीने हात धुवायला आणि देवाला अर्घ्य द्यायला वापरत. सपाट, गोल टोकाची आणि भोक असलेली मूठ कढईसारख्या भांड्याची. तिच्यावर कधी कारखानदाराचा शिक्का असतो, जसा इटलीतल्या कॅम्पानियातल्या पुब्लियस किपियस पोलिबियसचा. चंद्रकोरीसारख्या ढालीच्या आकाराचे छोटे तुकडे म्हणजे बुडाखालचे पाय, एका भांड्याला तीन.

फसगतही होते. मध्ययुगातल्या टांगायच्या हात धुण्याच्या भांड्यांना माणसाच्या मस्तकाचे कान असतात, आणि १९व्या शतकातल्या कपाटांवर सिंहाचे मुखवटे असतात. पाठीमागे मळसूत्र दिसलं किंवा मुखवटा पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेला असेल, तर तो रोमन समजू नये.

भांडी गेली आणि कानच उरले, याचं कारण कोणताही तांबट सांगेल. कान ओतीव आणि जाड, भांडं ठोकून घडवलेलं आणि पातळ. पत्रा जमिनीत कुजतो, नांगराने फाटतो. बराचसा तर त्याच काळात मोडीत गेला. डाख सुटला की कान गळून पडतो आणि टिकून राहतो.

"चिंच-मिठाने घासा"

घरातल्या तांब्याला हा उपाय ठीक आहे, कारण त्या तांब्याला दोन हजार वर्षांचा इतिहास नसतो. पुरलेल्या कांस्याचा मूळ पृष्ठभाग बहुधा त्या हिरव्या-तपकिरी थरातच जपलेला असतो. आम्लाने तो थर गेला की कोरीव रेषा, कानशीचे ओरखडे आणि मुठीवरची झीज सगळं जातं, आणि उरतं ते खड्डे पडलेलं गुलाबी तांबं. डोळ्यांत जडवलेली चांदी निखळते, मीना सुटतो, पृष्ठभागावरची पातळ कल्हई नाहीशी होते. पाठीचा डाखही खरवडला जातो, म्हणजे ओळखीचा मुख्य पुरावाच संपतो.

मीठ तर त्याहून वाईट. जमिनीतून आलेले क्लोराइड आधीच धातूत मुरलेले असतात, त्यांत आपण भर घालतो. दमट हवेत ते तांब्याशी पुन्हापुन्हा अभिक्रिया करतात आणि फिकट पोपटी भुकटी झडू लागते. यालाच कांस्याचा रोग म्हणतात. तो साध्या कळंकासारखा वर बसून राहत नाही, तुकडा आतून पोखरतो.

करायचं ते एवढंच: माती सावलीत सुकू द्यावी, मऊ ब्रशने सुटेल तेवढीच काढावी, कडीची आतली बाजू आणि पाठ तशीच ठेवावी. मग हवाबंद प्लास्टिक डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी घालून आर्द्रता ३५ टक्क्यांखाली ठेवावी. लाकडी पेटी किंवा पुठ्ठा नको, त्यांतून आम्लाची वाफ सुटते. पोपटी भुकटी दिसली तर वस्तू वेगळी काढून संवर्धकाकडे, म्हणजे पुरातन वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी.

"तुटकं म्हणजे निरुपयोगी"

२००३ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये डिटेक्टरने सापडलेलं इलम पात्र हे छोटं रोमन कांस्यपात्र पाहा. त्याचं बूड नाही, मूठही नाही. पण काठाखाली हेड्रियनच्या भिंतीवरच्या, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या रोमन सरहद्दीच्या तटावरच्या चार किल्ल्यांची नावं कोरलेली आहेत, आणि ते आज तीन संग्रहालयांच्या सामाईक मालकीचं आहे. आपल्या कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती आणि कांस्याची रोमन सुरई मिळाली, त्या आता टाउन हॉल म्युझियममध्ये आहेत. ब्रह्मपुरीला मिळाल्या हे माहीत नसतं, तर त्या दख्खनच्या व्यापाराबद्दल काहीही सांगू शकल्या नसत्या. म्हणून जागेची नोंद हवी. ब्रिटनच्या नकाशा-जाळीचा आठ आकडी संदर्भ १० मीटरपर्यंत नेतो, दहा आकडी १ मीटरपर्यंत.

"सोनं नाही, म्हणजे कायदा नाही"

एकट्या रोमन कांस्य-कानाला इंग्लंड आणि वेल्समधला १९९६चा ट्रेझर ॲक्ट, म्हणजे सापडलेल्या पुरातन ठेव्यांचा कायदा, सहसा लागत नाही, एवढाच भाग खरा. पण बैलमुखी कान रोमनपूर्व लोहयुगातलेही असतात, आणि एकाच ठिकाणच्या दोन प्रागैतिहासिक धातुवस्तू २००३पासून 'ट्रेझर' ठरतात. बादलीला कान दोन असतात, हे इथे विसरू नये. ३० जुलै २०२३पासून दोनशे वर्षांहून जुनी, असाधारण महत्त्वाची धातूची वस्तूही, मग ती कोणत्याही धातूची असो, या कायद्यात येते. वस्तू ट्रेझर असू शकते असं लक्षात आल्यापासून १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. बाकीच्या वस्तूंची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या लोकांना सापडलेल्या वस्तू नोंदवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे स्वेच्छेने होते. शेतमालकाची परवानगी दोन्ही बाबतींत हवीच, आणि संरक्षित स्थळावर परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. स्कॉटलंडमध्ये तर सापडलेली प्रत्येक पुरातन वस्तू कळवावी लागते.

दुसरा कान किंवा पत्र्याची कड दिसली की खोदणं तिथेच थांबवावं. नांगराच्या खोलीखाली उरलेलं भांडं उभं असू शकतं, आणि ते मातीसकट उचलायचं काम पुरातत्त्वज्ञाचं आहे.

तो पुढे पाठवलेला मजकूर वाचून इथे महाराष्ट्रात डिटेक्टर घेऊन टेकड्या धुंडाळायला निघणाऱ्यांसाठी: जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर १८७८च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, मग ती कांस्याची असली तरी.