ओहम बरोबर आले म्हणून प्लग वायर निर्दोष ठरत नाही

गाडी मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तर घरच्या घरी काय तपासावं, हे सांगणारा एक मेसेज बराच फिरतोय. थोडक्यात तो असा: इंजिन चालू ठेवून एकेक प्लग वायर (स्पार्क प्लगपर्यंत वीज नेणारी वायर) उपसा, जी काढल्यावर आवाजात फरक पडत नाही ती वायर खराब. खात्रीसाठी मल्टिमीटर लावा. रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात तो) ठीक आणि बाहेरून तडे नाहीत, तर वायर चांगली, मग दोष इंधनाकडे शोधा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने सिलिंडरचा नंबर दाखवला तर त्याच नंबरची वायर बदला. आणि कायमची कटकट मिटवायची असेल तर शुद्ध तांब्याच्या वायरी टाका.

असं वागून लोक इंधन फवारणारे चांगले इंजेक्टर बदलतात आणि खराब वायर गाडीतच राहते. म्हणून हे खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

आधी मल्टिमीटर, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल तिथे होते. प्लग वायरीची कामं दोन: गाभ्यातून वीज प्लगपर्यंत नेणं आणि वाटेत ती बाहेर निसटू न देणं. मीटर फक्त पहिलं काम तपासतो, तेही स्वतःच्या बॅटरीच्या काही व्होल्टांवर. इंजिन चालू असताना त्याच वायरीवर १०,००० व्होल्टांच्या पुढे ताण सहज जातो. पाइप आरपार मोकळा आहे हे फुंकून कळतं, पण दाबाखाली तो कुठे गळतो ते पाणी सोडल्याशिवाय कळत नाही. इन्सुलेशनला केसासारखी चीर गेलेली वायर मीटरवर अगदी नव्यासारखा आकडा दाखवू शकते.

आता हा दोष दिसतो कधी, ते पाहा. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकं प्लगच्या फटीत ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो, आत हवा कमी, दाबही कमी. वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मागणी एकदम वाढते, आणि वीज प्लगची फट सोडून चिरेतून जवळच्या धातूकडे उडी मारते. म्हणून उभी गाडी गोड चालते आणि चढावर झटके देते. पावसात, दमट सकाळी त्रास वाढतो आणि इंजिन तापून कोरडं झालं की कमी होतो, हीसुद्धा गळक्या वायरीची मोठी खूण. ‘कधी होतं?’ हा प्रश्न मीटरच्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जातो, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

गळती पकडायची तर वायरीवर खरा ताण असतानाच पकडावी लागते. गाडी उघड्यावर, अंधारात उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि वायरी व त्यांच्या रबरी बूटांवर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. निळसर ठिणगी दिसली, टकटक ऐकू आली किंवा इंजिन अडखळलं, की जागा सापडली. हात वायरींना लावायचा नाही. बाही, ओढणी, केस फॅन-बेल्टपासून दूर.

मीटर फेकून द्या असं मी म्हणत नाही. गाभा तुटला आहे का, हे तो चांगलं सांगतो. मीटर लावून वायर हलवा, वाकवा. आकडा उड्या मारायला लागला तर वायर गेली. मात्र ‘इतके ओहम म्हणजे चांगली’ असा सगळ्यांना लागू होणारा आकडा नसतो. कार्बन गाभ्याच्या वायरीला फुटामागे काही हजार ओहम असतात, तारेचं वेटोळं असलेल्या वायरीला त्याहून खूप कमी. लांब वायरीला जास्त येणारच. मर्यादा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायची.

चालू इंजिनाच्या वायरी उपसण्याचा सल्ला तर सरळ धोक्याचा आहे. जबर झटका बसतो. पेसमेकर असलेल्या माणसाने तिथे हातही घालू नये. ठिणगीला वाट न मिळाल्याने ठिणगीचं व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलवर पूर्ण ताण येतो आणि ती जळू शकते. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो बेसुमार तापतो. काही गाड्यांत एकच कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते, तिथे एक वायर काढली की जोडीदारावरही परिणाम होऊन निष्कर्ष चुकतो. शिवाय वायरीला धरून ओढलं तर चांगल्या वायरीचाही गाभा आतून तुटतो. बूट धरून, किंचित पिरगाळून काढायचा असतो, तोही इंजिन बंद आणि थंड असताना.

आणि एवढं करून कळतं काय? कुठला सिलिंडर काम करत नाही, इतकंच. स्कॅनरचंही तेच. पी०३०२ हा कोड म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजेच मिसिंग. कारण वायर, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन काहीही असू शकतं. लांबी पुरत असेल तर इंजिन बंद करून ती वायर दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीशी अदलाबदल करा. प्रत्येक सिलिंडर कॉइलच्या आपल्याच टर्मिनलला जोडलेला राहिला पाहिजे. मिसफायर वायरीबरोबर सरकला तर दोष वायरीत. जागेवरच राहिला तर पुढे प्लगची अशीच अदलाबदल करा.

‘दोष इंधनाकडे शोधा’ हा सल्ला पटतो त्यालाही कारण आहे. मिसफायरमध्ये न वापरलेला ऑक्सिजन तसाच सायलेंसरकडे जातो, तिथल्या ऑक्सिजन सेन्सरला तो जास्त दिसतो आणि कॉम्प्युटर मिश्रण पातळ (इंधन कमी) समजून इंधन वाढवतो. स्कॅनरवर इंधनाची तक्रार दिसते, मूळ मात्र ठिणगीत असतं.

बाहेरून तडे नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. बूट काढून आत बघा. बूटात किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी उभी रेघ असेल तर वीज तिथून पळते आहे. अशा वेळी प्लग आणि वायर दोन्ही बदला, नाहीतर जुन्या प्लगवरची रेघ नवा बूटही खराब करते. झिजलेल्या प्लगची फट वाढलेली असते, व्होल्टेज जास्त लागतं आणि इन्सुलेशनवरचा ताण वाढतो. पुष्कळदा वायर मरते ती प्लग वेळेवर न बदलल्यामुळे.

तांब्याच्या वायरींबद्दल एवढंच: रेझिस्टन्स मुद्दाम ठेवलेला असतो, रेडिओत खरखर आणि सेन्सरच्या सिग्नलमध्ये गोंधळ होऊ नये म्हणून. तो काढून टाकला तर नवे बिघाड ओढवून घ्याल.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र सगळ्यांत तातडीची आहे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर कन्व्हर्टर खराब करण्याइतका तीव्र आहे. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि दोष सापडेपर्यंत चालवू नका.