घरी आई, वर्गात बाई

लेख वाचताना दोनदा थांबावं लागलं. शिक्षिका असलेल्या तुमच्या आईंबद्दल तुम्ही लिहिलंत, आणि मला माझी आई दिसली. दुसरीत मी तिच्याच वर्गात होतो. शाळेत तिला 'बाई' म्हणताना जीभ अडखळायची.

एकदा ४२ वजा १७ चं उत्तर मी ३५ लिहिलं. तिने फुली मारली नाही. "कसं काढलंस, मला सांग बरं," म्हणाली. मी ऐटीत सांगितलं, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा केले. तिने काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या पुढे ठेवल्या. एक जुडी सोडून बारातून सात काढले, तेव्हा कुठे हातचा म्हणजे काय ते कळलं.

पुढे मीही शिकवायला लागलो. ही चूक किती मुलं करतात ते तेव्हा पाहिलं; त्यामागे आळस नसतो, मुलाचा स्वतःचा विचार असतो. आई तो विचार ऐकून घ्यायची, एवढं मोठं काम ती रोज करत होती!

शेवटच्या आजारपणात ती नावं विसरली, तरी समोर कागद आला की हात लाल पेन शोधायचा. तुमच्या आईंच्या वह्या जपून ठेवा. माझ्याकडे तिची एकच उरली आहे.