टाकी ते नळ, व्हाया बिल्ज

जुनी शिडाची बोट असलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, वादळात भीती नाही का वाटत? वादळाचं काय घेऊन बसलात, ते येतं आणि जातं. खरी भीती वाटते ती बोट जेट्टीला बांधलेली असताना, वारा पडलेला, घरचे सगळे गाढ झोपलेले, एकही नळ उघडा नाही, आणि रात्री अडीचच्या सुमाराला पाण्याचा पंप आपणहून दोन सेकंद टर्रर्र करतो आणि गप्प होतो.

ज्यांचा बोटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोटीत पाण्याची टाकी असते सगळ्यात खाली, कारण दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, ते उंचावर ठेवलं तर बोट कलंडायला निमित्तच शोधत बसते. मग पाणी वर चढवायला १२ व्होल्टचा एक छोटा डायफ्रॅम पंप असतो. नळ उघडला की पाइपमधला दाब उतरतो, पंपातल्या स्विचला ते कळतं आणि पंप सुरू, नळ बंद केला की दाब चढतो आणि पंप बंद. आमचा २५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) सुरू होतो आणि ४० ला बंद. आता सगळे नळ बंद असताना तो वाजला याचा अर्थ दाब कुठंतरी उतरला, म्हणजे एकतर पंपातला व्हॉल्व पाणी गुपचूप परत टाकीत सोडतोय, नाहीतर खरोखरच कुठंतरी पाणी मुरतंय. आणि बोटीत पाणी मुरून मुरून जाणार कुठं, तर तळाशी, बिल्जमध्ये.

बिल्जमध्ये पाणी दिसलं की पहिला प्रश्न, हे बाहेरचं का आतलं? यासाठी लोकांनी काय काय उपकरणं काढली असतील, पण चालते ती एकच चाचणी. बोट बुडू नये म्हणून बोट बुडवायचं आणि चाखायचं. खारट लागलं तर समुद्र आत येतोय, पळा. गोडं लागलं तर बोट शाबूत आहे, फक्त प्यायचं पाणी चाललंय, तेव्हा सावकाश पळा. डिझेल लागलं तर त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

मी चाखलं. बायको टॉर्च धरून उभी होती.

"काय?"

"गोडं आहे."

"मग तोंड असं का केलंस?"

बिल्जमधल्या गोड्या पाण्यात अजूनही बरंच काही असतं, पण ते झोपेत असलेल्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

तर सगळे पाइप बदलायचे असं ठरलं. माझा एक मित्र आहे, मेकॅनिकल इंजिनियर, त्याला फोन केला तर तो म्हणाला अरे त्यात काय एवढं, टाकी ते नळ अंतर किती, तीन-चार मीटर, दुपारच्या आत उरकू. हे गणित जमिनीवर बरोबर आहे. बोट बांधणारे लोक आधी नुसतं तळाचं कवच तयार करतात, त्यात मोकळ्या हवेत उभं राहून, बहुतेक शीळ घालत, पाइप आणि वायरी टाकतात, मग त्यावर फर्निचर बसवतात आणि शेवटी वरून डेकचं झाकण लावून टाकतात. त्यानंतर त्या पाइपापर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न त्यांचा नसतो, तो चाळीस वर्षांनी जन्माला येणाऱ्या गिऱ्हाइकाचा असतो. आमचा पाइप टाकीतून निघून दोन लॉकरच्या मागून, इंजिनाच्या बाजूनं, एका भिंतीतून आरपार, फ्रिजच्या पाठीमागून गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, येत होता. फ्रिज काढायचा तर गॅली काढावी लागते. गॅली काढायची तर, नको, जाऊ दे.

मित्र आला, लॉकरमध्ये डोकं घालून बराच वेळ बघत राहिला, मग बाहेर येऊन म्हणाला, "बोट छान आहे पण." आणि दोरी शोधायला गेला.

चार मालकांच्या हाताखालून गेलेल्या बोटीचे पाइप उपसणं म्हणजे चार माणसांचे स्वभाव उपसणं. मूळ पाइप राखाडी रंगाचा, पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून १९९५ पर्यंत अमेरिकेत तो घराघरांत, बोटीबोटींत टाकला गेला, मग तो नि त्याचे जोड पाण्यातल्या क्लोरीननं ठिसूळ होतात म्हणून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि तो बाजारातून गेला. बाजारातून गेला, आमच्या बोटीतून नाही गेला. त्याला पुढच्या कुणीतरी पारदर्शक, जाळीवाला होज जोडला होता, म्हणजे उजेड आत आणि आतल्या शेवाळाची सोय. त्याच्या पुढे हात-दीड हात बागेत झाडांना पाणी घालायचा हिरवा होज. हा मालक माणूस म्हणून चांगला असणार, समोर आलं ते वापरून मोकळा झाला, पण आमच्या पाण्याला इतकी वर्षं नव्या रेनकोटची चव का होती ते तेव्हा उमगलं. आणि गीझरकडं तांब्याचा पाइप, अगदी नीट, काटकोनात वाकवलेला, डाग दिलेला. या माणसाला मला भेटायचंय. तो हिरव्या होजवाल्याच्या आधीचा का नंतरचा हे कळलं तर त्याला बोटीत काय काय बघावं लागलं याचा अंदाज येईल.

जोडांवरचे क्लँप स्टेनलेसचे. लेकीनं मोबाईल काठीला बांधून लॉकरच्या मागं सरकवला आणि व्हिडिओ काढला, त्यात क्लँपची पट्टी चकचकीत दिसत होती, मी म्हटलं बघ, स्टेनलेस ते स्टेनलेस. मग तिनं व्हिडिओ थांबवून झूम केलं. पट्टी चकचकीत आणि तिला आवळणारा स्क्रू गंजून तपकिरी भुगा झालेला. पट्टी चांगल्या स्टीलची द्यायची, स्क्रू हलक्या स्टीलचा आणि वर शिक्का स्टेनलेसचा, ही जुनीच युक्ती आहे. म्हणजे तो जोड कुणीही आवळलेला नव्हता, नुसत्या सवयीनं चिकटून होता.

पारदर्शक होजचा एक तुकडा कापून मी उभा चिरला. चिरायला नको होता असं घरच्यांचं मत आहे. आत काळपट, बुळबुळीत थर, बोटानं ओढला तर सलग निघून येणारा, आणि त्याचेच कपचे सुटून नळाच्या तोंडच्या जाळीत अडकत होते, जे मी दर महिन्याला काढून "टाकीतली माती" म्हणून फेकत होतो. बायकोनं तो तुकडा बघितला, माझ्याकडं बघितलं, परत तुकड्याकडं बघितलं. "हे आपण पीत होतो?" मी तिला सांगितलं की १९६८ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी आपल्या मुंबईत बांधलेल्या 'सुहेली' या शिडाच्या बोटीतून एकटाच, कुठं न थांबता जगाला वळसा घालायला निघाला तेव्हा त्याच्या टाक्यांतलं पाणी वाटेत खराब झालं, मग गड्यानं शिडावरून ओघळणारं पावसाचं पाणी गोळा करून पुढचा प्रवास केला आणि १९६९च्या एप्रिलमध्ये सुखरूप परत आला. ती म्हणाली, "तो एकटा होता ना?"

नवा पाइप घ्यायचा तो पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचा, लाल गरमसाठी, निळा गारसाठी, वाकतो, सहसा गंजत-कुजत नाही, फक्त उन्हात ठेवायचा नाही. 'अर्धा इंची' पाइप आणला. घरी मापलं तर बाहेरून सोळा मिलिमीटरला जरा कमी, आतून बारा मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे १२.७. म्हणजे अर्धा इंच ना आतून ना बाहेरून, भिंतीच्या जाडीत कुठंतरी असेल तर असेल. त्यावर फिटिंग आणली ती १५ मिलिमीटरची, कारण बोटीचा पंप युरोपातला आणि त्याच्याबरोबर तीच येते. पंधराच्या भोकात जवळपास सोळाचा पाइप जात नाही. मी बराच वेळ तो तिथं नुसता टेकवून बघितला, माणसाला आशा असते.

त्याहून बेकार प्रकार आट्यांचा. नळाचे आटे ब्रिटिश, अडॅप्टरचे आटे अमेरिकन. दोन्ही अर्धा इंची, दोन्हीत इंचाला चौदाच आटे, त्यामुळे पहिले दोन-तीन फेरे असे लोण्यासारखे जातात की वाटतं जमलं. पण ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा, जो व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनियरसाहेबांनी १८४१ साली ठरवून दिला, आणि अमेरिकन आट्याचा ६०. पाच अंशांसाठी दोन देश अजून भांडतायत आणि त्यांच्या मधल्या फटीतून माझं पाणी ठिबकतंय. मित्र म्हणाला अजून आवळ. अजून आवळलं की प्लॅस्टिकचं फिटिंग तडकतं हे त्यालाही माहीत होतं, पण बाहेर उभं राहून सल्ला देणाऱ्याला फिटिंग विकत आणावं लागत नाही. टेफ्लॉन टेप गुंडाळून गुंडाळून नळाला पागोटं झालं, तरी थेंब काही थांबेना. शेवटी नळच बदलला. असे निर्णय बोटीवर फार पटकन होतात.

मग पाइप ओढणं. पद्धत अशी की जुन्या पाइपाच्या शेपटीला दोरी बांधायची, तोंड धरून जुना ओढायचा, मागोमाग दोरी येते, मग दोरीनं नवा ओढायचा. दोरी मित्रानं बांधली. इकडून मी ओढतोय, तिकडून तो ढकलतोय, पाइप वीत वीत पुढं सरकतोय, आणि मग एकदम हाताला हलकं लागलं. माझ्या हातात पाइपाचं तोंड होतं, त्याच्या हातात दोरी होती, आणि मधला दोन मीटर पाइप भिंत आणि फ्रिजच्या मध्ये कुठंतरी तुटून कायमचा राहायला गेला होता. तो अजून तिथंच आहे. नवा पाइप आम्ही बोटीच्या दुसऱ्या बाजूनं फिरवून नेला.

शेवटचा जोड सिंकच्या खाली, एका हाताचा. डोकं घातलं की दुसरा हात आत जातच नाही. पुश-फिटचं, म्हणजे नुसतं दाबून बसवायच्या जोडाचं, बरं असतं, पाइप सरळ कापायचा, कडा घासायची, किती आत जायला हवा तिथं पेनानं खूण करायची आणि खुणेपर्यंत दाबायचा. अर्धवट दाबला तरी बसल्यासारखा वाटतो, आणि दाब चढला की रात्री कधीतरी सुटतो. मी गालानं फिटिंग दाबून धरलं आणि हातानं पाइप. लेक बाहेरून विचारते, "बाबा, खुणेपर्यंत गेला का?" खूण दिसायला तिथं डोळा लागतो, तिथं माझा कान होता. आतल्या रबरी ओ-रिंगवरून पाइप सरकल्याचा एक बारीक 'टुक' झाला, तो कानानंच ऐकला आणि बाहेर आलो.

बाकी सोपं. टाकीत ब्लीच घातलं, पाच टक्केवालं, सुगंध न घातलेलं, लिटरला एक मिली या हिशोबानं, म्हणजे क्लोरीन ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत पन्नास) आसपास येतं, एकेक नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडलं, रात्रभर ठेवलं, मग ओतून टाकी परत परत धुतली. स्टीलच्या टाकीत यापेक्षा जास्त वेळ ठेवू नये. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून झोपलो, सकाळी सगळे कोरडे. पंपानं रात्रभर ब्र काढला नाही.

मग पहिल्यांदा दोन दिवसांसाठी बाहेर पडलो. टाकी काठोकाठ, दोनशे लिटर, इतकं पाणी आम्हाला आधी आठवडाभर पुरायचं. संध्याकाळी नांगर टाकला आणि लेक शॉवरला गेली. आतून जो आवाज यायला लागला तसा आवाज या बोटीत कधी ऐकला नव्हता, नळातून करंगळीएवढी धार येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो, आता थेट धबधबा. पंप मिनिटाला अकरा लिटर टाकतो हे त्याच्यावर पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं, बिचाऱ्याला जुन्या पाइपांनी कधी टाकू दिलं नव्हतं. दोनशे भागिले अकरा. लेकीला अठरा मिनिटं म्हणजे नुसती सुरुवात.

पंपाचा सूर बदलला, कोरडा खडखडाट सुरू झाला, मी धावत जाऊन स्विच बंद केला.

"बाबा! पाणी गेलं! डोक्याला शांपू आहे!"

मी बादलीला दोरी बांधून बाहेर टाकली आणि वर ओढली. दाराच्या फटीतून एक हात आला, त्यानं बादलीत बोट बुडवलं आणि आत नेलं. "ई, खारट!"

बायको किनाऱ्याकडं बघत विचार करत होती. म्हणाली, "ते जुने पाइप सगळे टाकून दिलेस का रे?"

"अर्धे आतच आहेत," मी म्हटलं.

"मग जोड परत."