डॉक्टर का व्हायचंय? उत्तर द्या, स्पेस धरून

इथे अमेरिकेत बारावी झाली की थेट मेडिकलला जाता येत नाही, आधी चार वर्षं कॉलेज करावं लागतं आणि तेवढा काळ आपण 'प्री-मेड' असतो. प्री-मेड ही डिग्री नाही, विषयही नाही, नुसती अवस्था आहे, लग्नाळू असते तशी. माझी ऑर्गॅनिक केमिस्ट्री झाली, एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा पण झाली (२३० प्रश्न, ब्रेक धरून साधारण साडेसात तास, बाहेर आले तेव्हा मलाच अ‍ॅडमिट करायला हवं होतं). पण ते सगळं परवडलं, मेडिकलच्या अर्जातल्या पर्सनल स्टेटमेंटने, म्हणजे निबंधाने, जीव काढलाय. प्रश्न एकच, डॉक्टर का व्हायचंय. उत्तर ५३०० कॅरॅक्टर्समध्ये, स्पेस धरून, म्हणजे मध्ये गप्प बसले तरी मोजणार.

ओळखीतल्या सगळ्यांच्या निबंधात एक आजारी आजोबा आहेत. माझे चारही आजी-आजोबा ठणठणीत. एका आजीला फोनवर जरा आशेनेच विचारलं, गुडघे कसे आहेत गं, तर म्हणे आत्ताच टेकडी चढून आले. आई म्हणाली, अगं लिही ना, लहानपणी बाहुलीला पट्ट्या बांधायचीस. साफ खोटं! मी आत काय आहे बघायला बाहुलीचं मुंडकं उपटायचे, पट्टी आई बांधायची, मुंडकं जागेवर राहावं म्हणून.

खरं कारण सांगू? मी भोचक आहे. अनोळखी माणसाला झोप लागते का, पोट साफ होतं का, घरी कोण कोण असतं असं विचारलं की लोक उठून जातात, डॉक्टरने विचारलं की त्याला हिस्टरी घेणं म्हणतात.

हॉस्पिटलात मी व्हॉलंटियर आहे, म्हणजे ग्लोव्ह्जचे डबे भरायचे, गरम पांघरुणं आणून द्यायची आणि डिस्चार्ज मिळालेल्यांना व्हीलचेअरवरून दारापर्यंत सोडायचं. एकदा एका आजींना घेऊन गाडीची वाट बघत होते, हार्ट फेल्युअरच्या पेशंट, पायांवर सूज येते, ती उतरायला लघवीची गोळी असते, तरी परत परत भरती. माझं तोंड थोडंच बंद राहतंय, मी आपली बहीण कुठे असते, तिच्याकडे कशा जाता वगैरे. तर म्हणाल्या, बसने, तासभर लागतो, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी ती लघवीची गोळी घेतच नाही, बसमध्ये बाथरूम कुठे असतं!

औषधाबद्दल आम्ही चकार शब्द काढायचा नसतो, त्यामुळे मी व्हीलचेअर गर्रकन वळवली आणि नर्सला गाठलं. नर्सने विचारलं, डॉक्टरांना का नाही सांगितलंत? आजी शांतपणे म्हणाल्या, त्यांनी विचारलं गोळ्या घेता का, तर घेते की. मंगळवारचं कोणी विचारलंच नाही.

डॉक्टरांनी त्या दोन दिवशी गोळी बहिणीकडून परत आल्यावर घ्यायला सांगितली. बस्स, एवढंच.

आता हेच लिहिलंय. कॉलेजातल्या अ‍ॅडव्हायजर बाईंनी 'भोचक' काढून 'जिज्ञासू' करायला सांगितलं, मी केलं, तर ५४१२ भरले. ११२ कमी करायचे होते. आजींचा एक शब्द काढवेना, शेवटी आई आणि बाहुली काढली, त्या दोघी मिळून १४० निघाल्या.

आईला अजून सांगितलेलं नाही.