आतला आवाज कधीच चुकत नाही? चुकतो की, आणि निवांत चुकतो

तो मेसेज परत फिरायला लागलाय. मजकूर साधारण असा, की बरोबर काय नि चूक काय हे कुणी शिकवावं लागत नाही, तान्ह्या बाळालाही ते कळतं, आतला आवाज सगळं सांगतो आणि वाईट वागण्यापासून अडवतो, रात्री शांत झोप लागत असेल तर तुम्ही बरोबरच आहात, आणि शेवटी ज्याचं त्याचं सत्य वेगळं म्हणून कुणी कुणाला जज करू नये. खाली तुकोबांची अर्धी ओळ. चांगली शहाणीसुरती माणसं याला अंगठे देतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ती शांत झोप. अठराव्या शतकात जॉन न्यूटन नावाचा इंग्रज कॅप्टन होता, आफ्रिकेतनं गुलाम भरून जहाज अटलांटिकपार न्यायचा. माणूस देवभोळा, जहाजावर प्रार्थना वगैरे व्यवस्थित चालू, म्हणजे अंतःकरण नावाची गोष्ट त्याच्याकडे नव्हती असं म्हणायची सोय नाही. 1754 साली त्याने समुद्र सोडला तोही तब्येतीमुळे, उपरती झाली म्हणून नाही. पुढे पाद्री झाला, आणि 1788 मध्ये, म्हणजे तब्बल 34 वर्षांनी, या धंद्याविरुद्ध पुस्तिका काढली, त्यात सरळ कबूल केलंय की धंद्यात होतो तेव्हा यात काही गैर आहे अशी शंकासुद्धा मला कधी आली नाही. शंकासुद्धा नाही! खाली तळाशी साखळीत बांधलेल्या माणसाला विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं, पण त्याला विचारावं हेच त्या आतल्या आवाजाने सुचवलं नाही. विचारल्याशिवायच सांगणारे नंतर पुढे आले, 1789 मध्ये ओलॉडा इक्वियानो या एकेकाळच्या गुलामाने स्वतःची कहाणी छापली, लोकांनी ती वाचली, आणि 1807 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. याउलट ज्यांनी कुणाचं काहीच वाकडं केलेलं नाही अशी कितीतरी माणसं उगाच अपराधी वाटून रात्र रात्र जागतात. झोपेचा संबंध स्वभावाशी जास्त आहे, बरोबर-चूकशी कमी.

मग बाळाचा मुद्दा, ‘सायन्सने सिद्ध केलंय’वाला. प्रयोग खरा आहे, 2007 चा, 6 आणि 10 महिन्यांच्या बाळांना एक ठोकळा दुसऱ्याला चढ चढायला मदत करताना दाखवला, एक ठोकळा ढकलून देताना, आणि बहुतेक बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. छान बातमी होती, जगभर छापून आली. पुढे बऱ्याच देशांतल्या लॅबनी मिळून हजारभर बाळांवर तोच प्रयोग केला तेव्हा मात्र तसा कल दिसलाच नाही, आणि ते काही फारसं कुणी फॉरवर्ड केलं नाही. आणि समजा कल असता तरी काय, बाळाला ठोकळा आवडला म्हणून मोठ्यांना न्याय कळतो असं होत नाही ना.

ज्याचं त्याचं सत्य यावर फार लिहायला नको. आवाज कधीच चुकत नसेल तर दोघांचे आवाज उलट बोलतात तेव्हा काय, आणि ज्याचं त्याचं खरं असेल तर चुकत नाही या म्हणण्याला अर्थच काय. एकाच मेसेजमध्ये दोन्ही लिहिलंय, लिहिणाऱ्याने एकदा वाचून तरी पाठवायचं. शिवाय मग न्यूटनचंही ‘त्याचं सत्य’ म्हणून सोडून द्यायचं का?

आणि तुकोबा. ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही’ एवढंच टाकलंय, पुढचं ‘मानियेले नाही बहुमता’ कापून. म्हणजे सगळे एका बाजूला असताना एकट्याने अंगावर घेण्याची गोष्ट आहे ती, आणि इथे ती कशाला वापरली, तर मला कुणी काही विचारू नका म्हणायला.

राहिलं ते ‘आतला आवाज अडवतो’. 1961 मध्ये येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅमने साध्यासुध्या माणसांना बसवलं, पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की शॉक द्यायचा, दर वेळी वाढवत, 450 व्होल्टपर्यंत (शॉक खोटे होते, पलीकडचा माणूस नाटक करत होता, यांना ते माहीत नव्हतं). 40 पैकी 26 जण शेवटपर्यंत गेले. आता यांचा आतला आवाज गप्प होता का? अजिबात नाही, घाम फुटला होता, हात थरथरत होते, काही जण भलतंच हसत होते, आवाज ओरडत होता आणि तरी बटण दाबलं जात होतं कारण शेजारी कोट घातलेला माणूस पुढे चालू ठेवा म्हणत होता. पण याच प्रयोगाचा एक प्रकार फारसा कुणी सांगत नाही. त्यात बरोबर आणखी दोन जण बसवले होते, आतून ठरवलेलेच, ते मध्येच उठले आणि आम्ही नाही करणार म्हणाले. त्या वेळी 40 पैकी फक्त 4 जण 450 पर्यंत पोचले.