बूट वाळले नाहीत, हा मुलीचा गुन्हा नव्हे

आज दुपारी ताईने मला एक फोटो पाठवला आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. तिच्या मुलीच्या वर्गाच्या पालकांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर तो आला होता. शाळेच्या व्हरांड्यात काही मुलेमुली भिंतीला पाठ लावून रांगेत उभी आहेत आणि फोटोखाली लिहिले आहे, ‘ही मुले आज पूर्ण गणवेशात आलेली नाहीत. पालकांनी नोंद घ्यावी.’ माझी सहावीतली भाची त्या रांगेत आहे. पायातले सँडल दिसू नयेत म्हणून तिने एक पाऊल दुसऱ्यावर ठेवले आहे.

ताई रत्नागिरीला राहते. जुलैतला तिथला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना दोरीवरचा रुमालसुद्धा वाळत नाही म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. शाळेचे काळे बूट आदल्या दिवशी चिंब भिजले होते. ताईने रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते फ्रिजच्या मागे ठेवले, पण सकाळी बोळ्यांचा लगदा झालेला आणि बूट तसेच ओले. ते घालून दिवसभर बसली तर पायांना चिखल्या होतील, म्हणून आईने तिला सँडल घालून पाठवले आणि डायरीत तशी चिठ्ठीही लिहून दिली. ती चिठ्ठी उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

निर्णय आईचा होता, कारण पावसाचे होते, आणि उभे राहावे लागले अकरा वर्षांच्या मुलीला. माझा राग नेमका यावर आहे.

गणवेश असावा, हे मला मान्य आहे. कोणाच्या घरी किती पैसा आहे हे त्यामुळे वर्गात कपड्यांवरून कळत नाही. साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांवर संस्थेचा दबाव असतो, हेही मान्य. पण म्हणून मुलांना तास बुडवून बाहेर उभे करायचे? रिबिनीचा रंग वेगळा, मामाच्या लग्नात काढलेली मेंदी अजून उतरली नाही, अशा कारणांवरून मुलींना सगळ्यांदेखत बोलले जाते, आणि वाढलेले केस वर्गासमोर कात्रीने कापल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच. यातून मुले नीटनेटकी होत नाहीत, ती शाळेला घाबरू लागतात. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू आहे आणि त्याच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबरच मुलांच्या मानसिक छळालाही स्पष्ट मनाई केली आहे. त्या रांगेतल्या मुलांना आज जे सोसावे लागले, ते माझ्या दृष्टीने या मनाईतच बसते.

मोठ्यांच्या चुकांच्या बाबतीत मात्र आपण किती समजूतदार होतो! 2024 मध्ये राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली, तेव्हा शाळा जूनमध्ये सुरू झाल्या तरी स्वातंत्र्यदिनापर्यंत कितीतरी मुलांच्या हाती गणवेश पडला नव्हता, आणि जिथे पोहोचला तिथे मापे व शिलाई यांच्या तक्रारी होत्या. डिसेंबरमध्ये निर्णय फिरवून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आले. सगळी यंत्रणा हाताशी असलेल्या सरकारला उशीर होऊ शकतो, हे आपण समजून घेतले. मग एका घरातले बूट एका रात्रीत वाळले नाहीत, हे समजून घेणे इतके अवघड का असावे? बुटांचा दुसरा जोड सगळ्यांना परवडत नाही, हे शाळेला माहीत नसते असे मी मानणार नाही.

मघाशी भाचीशी फोनवर बोलले. बाहेर उभे राहावे लागले याबद्दल ती काहीच बोलली नाही. तिने फक्त एवढेच विचारले की, मैत्रिणीच्या बाबांनीही तो फोटो पाहिला असेल का. मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. तिला शाळा आवडते, गणिताच्या बाई तर फारच आवडतात, आणि उद्या मात्र तिला जायचे नाही.

ज्या बाईंनी मुलांना बाहेर उभे केले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात वैर नाही. कदाचित त्यांनाही वरून सांगितले गेले असेल. पण ज्याने कोणी मुलांचे चेहरे दिसतील असा फोटो काढून शंभर घरांत पाठवायचे ठरवले, त्याने पालकांना एक फोन करायला हवा होता. तेवढ्याने काम झाले असते.

पालक-शिक्षक संघाच्या येत्या बैठकीला मी ताईबरोबर जाणार आहे. फोटो ग्रुपवरून काढावा, गणवेशाबद्दलची तक्रार थेट पालकांकडे करावी आणि त्यासाठी कोणत्याही मुलाचा तास बुडवू नये, हे आम्ही लेखी देणार आहोत. पावसाळ्यात सँडल चालतील, हे शाळेने डायरीतल्या नियमांतच छापावे, अशीही मागणी आहे. कोकणातल्या अनेक शाळा तशी मुभा देतातच. त्या भागातले जे मित्रमैत्रिणी ही पोस्ट वाचत असतील, त्यांनी आपापल्या शाळेत काय नियम आहे ते खाली जरूर लिहावे, म्हणजे बैठकीत दाखवता येईल.