55 चे 36 का झाले: 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या घरगुती आवृत्तीवरच्या आरोपांना उत्तर

जुन्या आर्केड खेळांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. डावीकडे 1978 च्या मूळ 'स्पेस इन्व्हेडर्स'चं, म्हणजे वरून रांगेने उतरणाऱ्या परग्रहवासींना ढालींच्या आडून टिपायच्या खेळाचं चित्र, वर लालसर आणि खाली हिरवा पट्टा असलेलं. उजवीकडे 1980 साली अटारीच्या कन्सोलवर (घरातल्या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर), म्हणजे पुढे 2600 या नावाने ओळखल्या गेलेल्या यंत्रावर आलेल्या त्याच खेळाचं चित्र. आणि खाली आरोपांची यादी. प्रोग्रामरने पाट्या टाकल्या, म्हणून 55 परग्रहवासी होते तिथे 36 उरले आणि चार ढालींच्या तीन झाल्या. रंग मनाला येतील तसे दिले. शत्रू कमी होतील तसा वेग वाढतो ही मूळ खेळातली योजना, इथे तिची नुसती वरवरची नक्कल. नाव मोठं म्हणून माल खपला. आणि आता मूळ खेळ कुठेही चालवता येतो, तेव्हा त्या काळच्या सगळ्या घरगुती आवृत्त्या एका माळेचे मणी, निव्वळ अडगळ.

यातले आकडे खरे आहेत. त्यावरून काढलेले निष्कर्ष जवळजवळ सगळे चुकीचे आहेत, आणि ते मला मनापासून खटकतात. ज्या कामाला इथे आळस म्हटलंय, त्यात एकेका बाईटचा हिशोब ठेवावा लागला होता.

आधी 55 आणि 36. टायटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी मूळ खेळ लिहिला तेव्हा त्यासाठी लागणारं यंत्रही त्यांनीच उभं केलं. त्यात 2 मेगाहर्ट्झचा इंटेल 8080 प्रोसेसर होता, 8 किलोबाईटचा प्रोग्राम होता, आणि नुसत्या पडद्यासाठी 7 किलोबाईट मेमरी राखून ठेवलेली होती. 256 गुणिले 224 ठिपके, प्रत्येक ठिपक्यामागे एक बिट. 8080 ला चित्राचे बिट हवे तितके सरकवायला फार वेळ लागतो, म्हणून बोर्डावर फक्त बिट सरकवण्याचं काम करणारी वेगळी चिपही बसवली होती. थोडक्यात, यंत्र या खेळाच्या मापाने शिवलेलं होतं.

अटारीच्या आवृत्तीचे प्रोग्रामर रिक मॉरर. त्यांना मिळालं 1.19 मेगाहर्ट्झचं 6507 (हा प्रोसेसर), 4 किलोबाईटचं कार्ट्रिज (खेळ ज्यात भरलेला असतो ती कन्सोलमध्ये खोचायची डबी) आणि सगळी मिळून 128 बाईट मेमरी. किलोबाईट नव्हे, बाईट. मूळ खेळ एकट्या पडद्यावर 7,168 बाईट खर्च करत होता, म्हणजे बरोबर 56 पट. मॉरर यांना त्या 128 बाईटांत गुण, उरलेले जीव, कोणता शत्रू जिवंत आणि कोणता मेला, गोळ्या कुठे आहेत, हे सगळं बसवायचं होतं. पडद्याचं चित्र साठवायला जागाच नव्हती.

मग चित्र दिसायचं कसं? टीव्हीचा किरण एकेक ओळ आखत जातो. या कन्सोलवर प्रोग्रामला त्या किरणाच्या बरोबरीने धावावं लागतं. ओळ सुरू व्हायच्या आत, कधी कधी ओळ अर्धी आखून झालेली असताना, आता काय दाखवायचं ते चित्र आखणाऱ्या चिपला सांगायचं. एका ओळीमागे प्रोसेसरला 76 सायकल, म्हणजे त्याच्या घड्याळाचे 76 ठोके, मिळतात आणि एक सूचना साधारण 2 ते 5 सायकल खाते. ओळीमागे वीसेक सूचना धरा. तेवढ्यात काम झालं नाही तर चित्र फाटतं. दर सेकंदाला 60 वेळा हे सगळं पहिल्या ओळीपासून पुन्हा.

आणि त्या चिपमध्ये स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हवी तिथे हलवता येणारी छोटी चित्रं, किती? दोन, प्रत्येकी 8 ठिपके रुंद. यंत्र मुळात दोन खेळाडू समोरासमोर असलेल्या खेळांसाठी बनवलं होतं, त्यामुळे दोघांना एकेक. एवढ्यावर शत्रूंची फौज उभी करायची. मात्र चिपमध्ये एक सोय होती: एकच स्प्राइट एका ओळीत तीनदा उमटवता येतो. दोन स्प्राइट, तीन-तीन वेळा. सहा. आडव्या रांगेत सहा शत्रू का, याचं उत्तर एवढंच आहे. सहाच्या सहा रांगा केल्या, झाले 36.

हे डोळ्यांनी पाहता येतं. स्टेला नावाच्या एमुलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चिपच्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ठरावीक रंग देऊन खेळ चालवण्याची सोय आहे. मी तसा तो चालवला. रांगेतले सहा शत्रू लगेच दोन रंगांत विभागले गेले, तीन एका रंगाचे आणि तीन दुसऱ्या. मग एका रांगेच्या मधलाच एक टिपला. बाजूचे दोघे तसूभरही हलले नाहीत. मूळ यंत्रात शत्रू पुसायचा म्हणजे पडद्याच्या मेमरीतले त्याचे बिट शून्य करायचे, की झालं. इथे मात्र एकाच स्प्राइटच्या तीन प्रतींमधली नेमकी एक गाळायची आहे, आणि तेही किरण त्या रांगेवरून जात असताना. खेळणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. त्याला दिसतो तो एक शत्रू कमी झालेला.

जास्त शत्रू दाखवण्याचा एक मार्ग होता, हे मान्य. एका फ्रेमला (पडद्यावरच्या एका पूर्ण चित्राला) अर्धे दाखवायचे आणि पुढच्या फ्रेमला उरलेले. पण तसं केलं की चित्र लुकलुकतं. 1982 साली याच कन्सोलवर आलेल्या 'पॅक-मॅन'मध्ये भुतांसाठी हाच मार्ग धरला होता, आणि त्यावरून लोक किती चिडले ते सर्वांना माहीत आहे. मला तर वाटतं, 'स्पेस इन्व्हेडर्स'वर निघणारा बराचसा राग 'पॅक-मॅन'चा आहे. त्या आवृत्तीने खरंच निराशा केली होती, आणि पुढे 'अटारी म्हणजे वाईट नक्कल' असा शिक्का बसला तो आधीच्या खेळांवरही.

'त्याच कन्सोलवर नंतर याहून चांगले खेळ आलेच ना?' असंही विचारलं जातं. आले. पण मधल्या काळात कार्ट्रिज बदललं होतं. 1981 च्या 'ॲस्टरॉइड्स'ला 8 किलोबाईट मिळाले, ते कार्ट्रिजमधल्या मेमरीचे दोन भाग आलटून-पालटून वापरण्याच्या युक्तीमुळे. मॉरर यांच्याकडे याच्या निम्मी जागा होती.

ढालींचंही तसंच. मूळ खेळात ढाल पडद्याच्या मेमरीतच असते. गोळी लागून पडलेलं भोक पडद्यावर उमटलं की तीच त्याची नोंद, वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. अटारीवर पडद्याची मेमरीच नाही, त्यामुळे प्रत्येक भोक त्या 128 बाईटांमध्येच कुठेतरी नोंदवून ठेवावं लागतं. चारच्या तीन झाल्या याचं वाईट जरूर वाटतं. पण ज्या तीन राहिल्या त्या खऱ्या ढाली आहेत. त्या झिजतात, त्यांच्यात खिंड पाडून आडून गोळी मारता येते, आणि शत्रू खाली उतरले की त्या उरत नाहीत. गोळ्या लागूनही न झिजणारे चार ठोकळे उभे करणं कितीतरी सोपं गेलं असतं.

रंगांचा आरोप तर उलटा आहे. टायटोचं पहिलं यंत्र कृष्णधवल होतं. पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवलेल्या असत. त्यामुळे रंग शत्रूचा नसायचा, जागेचा असायचा. पांढरा शत्रू खाली उतरला की हिरवा दिसायचा. रंगीत पडद्याची यंत्रं नंतर आली. अटारीच्या आवृत्तीत रंग ज्या त्या वस्तूचा आहे.

आता वेग. या मुद्द्यावर थोडं रेंगाळतो, कारण माझ्या मते सगळ्या खेळाचा जीव इथे आहे.

मूळ खेळात प्रोसेसर दर फ्रेमला एकच शत्रू हलवतो. 55 शत्रू असतील तर सगळ्या फौजेचं एक पाऊल पूर्ण व्हायला 55 फ्रेम लागतात, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. दहा उरले की सेकंदाच्या सहाव्या भागात पाऊल पडतं. शेवटचा एकटा राहिला की तो दर फ्रेमला सरकतो, आणि तोच सुसाट शेवटचा शत्रू लोकांच्या लक्षात राहिलेला आहे. हा वेग प्रोसेसरच्या मर्यादेतून आपोआप निर्माण झाला. निशिकादो यांनी तो दोष न समजता तसाच ठेवला, आणि पार्श्वभूमीचा तो चार सुरांचा ठोकाही त्याच्याबरोबर जलद होत जातो.

म्हणजे मूळ यंत्रात ही गोष्ट फुकट मिळाली होती. अटारीवर ती मिळणं शक्यच नव्हतं. तिथे 36 शत्रू असोत की एक, सगळा पडदा दर फ्रेमला नव्याने आखायचा, वेळ तेवढाच जाणार. शत्रू मारल्याने प्रोसेसरचा भार हलका होत नाही. त्यामुळे किती शत्रू उरले की पाऊल किती लवकर टाकायचं, हे मॉरर यांना मुद्दाम ठरवून लिहावं लागलं. आरोप करणारे याला 'वरवरची नक्कल' म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. शेवटचे तीन-चार उरले की ठोका वाढतो, हात घाईला येतो आणि नेम चुकतो. दोन्ही यंत्रांवर मी अगदी याच जागी हरतो. खेळातलं नेमकं काय घरी न्यायला हवं हे ज्याला कळलं होतं, त्यानेच हे केलेलं आहे.

आवाजाच्या बाबतीत मात्र तक्रार रास्त आहे. अटारीच्या त्या चिपमध्ये सूर ठरवायला फक्त 32 पायऱ्या आहेत, त्यामुळे मूळचा खर्ज तंतोतंत जुळत नाही.

'नावावर खपला' याबद्दल. आर्केडमधला खेळ रीतसर परवाना घेऊन कन्सोलवर आणण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे नावाचा वाटा होताच. दहा लाखांहून अधिक विक्री गाठणारा पहिला कन्सोल-खेळ म्हणून तो ओळखला जातो, आणि अनेकांनी त्याच्यासाठी कन्सोल घेतला. पण नाव पहिल्या दिवशी उपयोगी पडतं. पुढे महिनोन्‌महिने खेळायला खेळात काहीतरी लागतं, आणि ते त्यात होतं. चार किलोबाईटांत 112 प्रकार होते. सरकत्या ढाली, वाकड्यातिकड्या पडणाऱ्या गोळ्या, न दिसणारे शत्रू. आर्केडवर दोघांना आळीपाळीने खेळावं लागे. इथे दोघं एकाच वेळी पडद्यावर येऊ शकत, एकमेकांविरुद्ध किंवा एकमेकांच्या साथीने. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राला डाव लवकर संपलेला हवा असतो. घरातल्या यंत्राची गरज वेगळी आहे, आणि ती या आवृत्तीने ओळखली.

सगळ्या घरगुती आवृत्त्या एका माळेचे मणी, हे फार तर एका परिच्छेदात निकालात निघतं. अटारीच्याच 8-बिट संगणकांवर 1980 मध्ये रॉब फुलॉप यांनी केलेली आवृत्ती बघा. यंत्र 2600 पेक्षा कितीतरी दमदार होतं, तरी त्यांनी ढाली पूर्णपणे काढून टाकल्या आणि डाव्या बाजूला एक रॉकेट उभं केलं, शत्रू त्यातून बाहेर पडतात. मला ती आवृत्ती आवडत नाही, पण तिला कोणी नक्कल म्हणू शकणार नाही. परवाना नसलेल्यांनी नावं बदलून आपापला खेळ काढला: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा 'टीआय इन्व्हेडर्स', सिंक्लेअरच्या यंत्रांवरचा 'स्पेस रेडर्स'. आणि 1994 चं गेम बॉय या हातातल्या यंत्राचं कार्ट्रिज सुपर गेम बॉय या जोडणीतून लावलं तर सुपर निन्टेन्डो या कन्सोलवर चालणारा पूर्ण वेगळा खेळ त्यातून उघडतो. एवढ्या निरनिराळ्या गोष्टींना एकच शिवी पुरत नाही.

राहिला शेवटचा आरोप, मूळ खेळ आता कुठेही चालतो, मग या आवृत्त्या कशाला? चालतो तो मूळ प्रोग्राम. मूळ पडदा उभा होता, आपले पडदे बहुतेक आडवे, म्हणून दोन्ही बाजूंना काळी जागा सोडावी लागते. मूळ उभ्या कॅबिनेटमध्ये चंद्राच्या रंगवलेल्या देखाव्यावर आरशातून चित्र पडायचं. तो देखावा प्रोग्राममध्ये नाही. अटारीचं कार्ट्रिज मात्र ज्या साध्या टीव्हीसाठी लिहिलं, तसल्याच पडद्यावर आजही आहे तसं उमटतं. शिवाय त्याचा सगळा प्रोग्राम 4,096 बाईटांचा आहे. चिकाटी असेल तर तो पहिल्या सूचनेपासून शेवटच्या सूचनेपर्यंत वाचून काढता येतो, आणि 128 बाईटांत माणूस काय काय बसवतो ते त्यात दिसतं.

आणि त्या फिरत्या मजकुरातलं डावीकडचं चित्र, ज्याच्याशी तुलना करून उजवीकडच्याला हिणवलं जातं, तेही बहुधा एमुलेटरमधूनच घेतलेलं असतं. त्यातला तो खालचा हिरवा पट्टा मूळ 8 किलोबाईटांत कुठेच नाही. तिथे फक्त काळं आणि पांढरं आहे. हिरवा रंग एमुलेटर वरून चढवतो.